नवव्या होलची वाळू

रुद्राप्पा सकाळी सातच्या आत नवव्या होलवर पोचत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. क्लबच्या हजेरीपटावर आता त्यांचं नाव नव्हतं, पण सवय गेली नव्हती आणि त्यांना ती घालवायचीही नव्हती. वाळूवरून रात्रीत कोण कोण चालून गेलं ते आधी बघायचं. टिटवी असेल, मुंगूस असेल, कधी वस्तीवरचं कुत्रं. मग गोणपाटात दोन विटा बांधून मधल्या भोकापाशी उभं राहायचं आणि दोरी कमरेला अडकवून गोल गोल फिरत बाहेर यायचं, म्हणजे आपण टाकलेलं पाऊल मागून येणारं गोणपाट पुसत येतं. कडेला आल्यावर वळून बघितलं की वाळू तव्यावरच्या आंबोळीसारखी कडेपर्यंत एकसारखी पसरलेली दिसे. तेवढं बघून ते चहाला जात.

कोडोलीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून हा माळ आहे आणि माळावर नऊ होलचं गोल्फचं मैदान. या खेळात चेंडू शेवटी ज्या गोलातल्या भोकात घालवायचा असतो, तिथं इतर ठिकाणी हिरवं, बारीक कापलेलं गवत असतं. या माळावर मार्चनंतर गवत तग धरत नाही. म्हणून पहिल्यापासून इथं वाळूचे गोल केलेले. खाली ठोकून बसवलेला मुरूम, वर दोन बोटं वाळू, आणि ती वाऱ्यानं उडू नये, पावसानं वाहू नये म्हणून तेलात कालवलेली. आधी जवसाचं तेल असायचं, पुढं गॅरेजमधलं जळकं ऑईल आलं. अशा गोलाला ब्राऊन म्हणतात. रुंदी दहा पावलं. रुद्राप्पांच्या घरानं तीन पिढ्या हेच नऊ गोल राखले.

मैदान आखलं ते संस्थानच्या नोकरीतल्या एका इंजिनिअर साहेबानं, शंभर वर्षांपूर्वी. त्याचं नाव मॅक्रे. माळावर त्याला मकरेसाहेब म्हणत. त्याचं गाव स्कॉटलंडात, समुद्राच्या काठी. लहानपणापासून तो गोल्फ खेळला तो वाळूच्या टेकड्यांमधून, खाऱ्या वाऱ्यात. कोल्हापुरात ना समुद्र, ना तो वारा. मग त्यानं माळावर मुरुमाचे उंचवटे घालून घेतले, ओढ्याच्या घळीला खाडी म्हणायला लावलं आणि ब्राऊनसाठी वाळू थेट कोकणातून, समुद्रावरून, बैलगाड्यांनी घाट चढवून आणवली. क्लबच्या मोठ्या खोलीत त्या दिवसाचा फोटो आहे. पुढं साहेब, मागं बैल, गाडीत पोती आणि कडेला पटका बांधलेला एक सडपातळ माणूस. फोटोखाली साहेबाचं नाव लिहिलेलं आहे. बैलांचं नाही आणि त्या माणसाचंही नाही. तो रुद्राप्पांचा अज्जा, मल्लाप्पा.

गेल्या वर्षी क्लबच्या नव्या बोअरला भरपूर पाणी लागलं आणि कमिटीनं ठरवलं की शताब्दीच्या आत गवत लावायचं. मार्चमध्ये जेसीबी आला. एका ब्राऊनला त्याला वीस मिनिटं लागली. रुद्राप्पा आठही वेळा कडेला उभे होते. ड्रायव्हरनं एकदा विचारलं, "मामा, काय पुरलंय व्हय हितं? सारखं बघताय." रुद्राप्पा म्हणाले, "न्हाय बाबा. काढ तू."

नववा तेवढा राहिला. त्याला कारण समुद्र. क्लबचे सेक्रेटरी दत्तप्रसाद हे शहरातले वकील. त्यांना या वाळूचं मोठं कौतुक. बाहेरगावचा कुणी खेळायला आला की ते त्याला हाताला धरून नवव्या होलवर आणत. "पावणं, हात लावून बघा. शंभर वर्षांपूर्वीचा समुद्र आहे हा." पाहुणा खाली वाकून चिमूटभर वाळू बोटांत चोळी, बोटं काळी करून घेई आणि वा म्हणे. रुद्राप्पा दोरी हातात धरून मान हलवीत. ही आठवण म्हणून एक ब्राऊन जसाच्या तसा ठेवायचा, असा ठरावच दत्तप्रसादांनी करून घेतला होता. आता रुद्राप्पांचं जे काही उरलं होतं, ते या दहा पावलांत होतं.

जुलैत इरावती आली. ती दत्तप्रसादांची भाची, कॉलेजात मराठी शिकवायची. क्लबच्या इतिहासाची पुस्तिका तिच्यावर सोपवली होती. क्लबच्या पडवीत रुद्राप्पांसमोर फोन ठेवून ती बसली.

"काका, ही वाळू कोकणात नेमकी कुठून आणली? कुणी काही सांगितलेलं आठवतंय?"

"साहेबानं आणली."

"स्वतः?"

"साहेब कशाला आणतोय? बैलानं आणली."

ती हसली. "आणि तुमचे आजोबा?"

"बैलाच्या मागं हुते."

"थट्टा नको ना काका. त्यांच्यावर मी एक पान लिहिणार आहे. फोटोखाली नावसुद्धा नाहीये त्यांचं."

रुद्राप्पांनी फोनकडं बघितलं. त्यावरचा लाल ठिपका चालू होता. शंभर वर्षांत अज्जाला कुणी एक ओळ दिली नव्हती, आणि ही पोरगी पान द्यायला बसली होती. "लिवा की," ते म्हणाले. "माणूस बरा हुता." एवढं सांगून ते उठले.

घरी त्यांची बायको रत्नव्वा भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "एक पान? खरं लिवलं तर दोन लागतील, आन खोटं लिवलं तर एक ओळ बी लई झाली."

"तुला काय जातंय बोलायला."

"मला काय जातंय! लगीन होऊन आल्या आल्या तुमच्या अप्पानं मला बसवून सांगितलंय, कुणाला बोलायचं न्हाय म्हणून. चव्वेचाळीस वर्सं झाली, तोंडाला कुलूप घालून बसलीया मी. माझ्या माहेरात सुदिक बोलले न्हाय."

खरं असं होतं.

साहेबाची समुद्राची वाळू पहिल्याच पावसाळ्यात फसली. तिच्यात मीठ होतं, त्यामुळं ती कधी पुरती सुकेचना. ओलसर कणावर तेल बसेना. उघडीप मिळाली की वर पापडासारखा पापुद्रा धरायचा, त्याच्यावरून चेंडू शिंपल्यांच्या कपच्यांना अडून उड्या मारायचा. साहेबाला वाळूत खोट दिसेना, त्याला खोट दिसली ती मल्लाप्पांच्या हातात. तो सहा महिन्यांच्या रजेवर बोटीनं मायदेशी निघाला, तेव्हा सांगून गेला की मी परत येईपर्यंत ब्राऊन नीट झाले नाहीत तर दुसरा माळी बघतो. मल्लाप्पांची झोपडी क्लबच्या जागेत होती. माळी बदलला की छप्परही जाणार.

मल्लाप्पांच्या बायकोचं माहेर कुरुंदवाडचं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ पूर ओसरला की नदी काठाला वाळू टाकून जाते. धारदार कणाची, स्वच्छ, वाजणारी वाळू. बायकोचे भाऊ गुऱ्हाळाचा हंगाम लागला की गुळाच्या गाड्या घेऊन कोल्हापूरच्या पेठेत यायचे. त्या हिवाळ्यात प्रत्येक गाडीत गुळाच्या रव्यांखाली, म्हणजे मोठ्या ढेपांखाली, वाळूच्या दोन-दोन पाट्या आल्या. मल्लाप्पांनी एकेक ब्राऊन रिकामा केला, बारीक चाळणीनं वाळू चाळून भरली, तेल दिलं, ओढली. साहेब परत आला, काठी घेऊन थेट नवव्यावर गेला. त्यानं लांबून मारलेला चेंडू सरळ रेषेत जाऊन भोकात पडला. साहेब खूश झाला. सोबतच्या पाहुण्यांना म्हणाला, समुद्राच्या वाळूला जागेवर बसायला एक वर्ष लागतंच, मी सांगत होतो. मग मल्लाप्पांकडं वळून त्यानं विचारलं, खरं की नाही?

मल्लाप्पा म्हणाले, "व्हय सायब."

ते एक 'व्हय' पुढं तीन पिढ्यांना निभवावं लागलं. साहेब गेला, संस्थान गेलं, क्लबचे अध्यक्ष बदलत गेले, आणि समुद्राची गोष्ट मात्र दर पिढीगणिक थोडी वाढत गेली. वाळू कमी पडली की रुद्राप्पांचे वडील आणि नंतर रुद्राप्पा कुरुंदवाडहून पोतं-दोन पोती आणून गुपचूप टाकत. कुणी विचारलं नाही. माळ्यानं वाळू टाकली तर ती कुठली, हे कोण विचारतं?

ऑगस्टच्या शेवटी दत्तप्रसादांनी रुद्राप्पांना ऑफिसात बोलावलं. स्वतः उठून खुर्ची दिली.

"रुद्राप्पा, डिसेंबरात कार्यक्रम. नवव्या ब्राऊनची सगळी जुनी वाळू काढायची. माझ्या साडूचं घर कोकणात अगदी किनाऱ्याला आहे. तो रीतसर परवानगी काढून वीस पोती पाठवतोय. अस्सल समुद्राची. तुमच्या हातानं भरायची. तुमच्या आजोबांनी भरली तशीच! फोटो काढू."

रुद्राप्पा म्हणाले, "जुनी कशाला काढायची सायेब? चाळून, तेल देऊन घेतली तर अजून वीस वर्सं बघायला नको."

"काळी पडलीय हो. समुद्र म्हणून दाखवायचा आणि दिसतं गॅरेजची फरशी."

"तेलानं वाळू काळीच पडती."

"तेच तर म्हणतोय मी," दत्तप्रसाद म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला.

रुद्राप्पा बाहेर आले. समुद्राची वाळू भरली तर काय होणार हे त्यांना पाठ होतं. एका पावसात ब्राऊनचा चिखल, मग पापुद्रा, मग खेळणाऱ्यांच्या तक्रारी, आणि पुढच्या मार्चला जेसीबी. नको म्हणायचं तर कारण द्यायला पाहिजे. आणि खरं कारण दिलं की हा ब्राऊन ठेवायचं कारणच संपलं. बोललो तरी ब्राऊन जातो आणि गप्प बसलो तरी जातो, हे त्यांनी दोन दिवस दोन्ही बाजूंनी फिरवून बघितलं. तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, अज्जानं केलं तेच करावं. वीस पोती कोकणची उतरवून घ्यायची आणि भरायची कुरुंदवाडची.

ते जयसिंगपूरला एसटी बदलून कुरुंदवाडला गेले. वडिलांच्या मामेभावाचा मुलगा बाळासो तिथं शेती करायचा. त्यानं चहा पाजला आणि हसत सुटला.

"दादा, वाळू? कुठल्या जगात हायसा? नदीतली एक पाटी उचलली तर तलाठी दारात येतोय. मागल्या खेपंचं पोतं मी घर बांधताना उरलेल्यातलं दिलतं तुमाला. आता ते बी न्हाय."

"मग मिळायचीच न्हाय?"

"मिळंल की. तहसीलला अर्ज करायचा. क्लबच्या कागदावर. कशाला पायजे, किती पायजे, हितलीच का पायजे, सगळं लिवायचं. चोरून तेवढं जमायचं न्हाय." बाळासोनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "अज्जाच्या वक्ताला गुळाच्या गाड्या हुत्या दादा. आता गूळ सुदिक टेंपोतनं जातोय, आन टेंपो नाक्यावर उघडून बघत्यात."

येताना एसटीत रुद्राप्पांना खिडकीची जागा मिळाली. ऊस उभा होता, मधूनच नदीचं तपकिरी पाणी दिसत होतं. चोरी करायलाही कागद लागण्याचे दिवस आले होते. घरी पोचल्यावर त्यांनी रत्नव्वाला सांगितलं, "रविवारी मीटिंगला जातोय."

"कुलूप काढू का मग मी?" तिनं विचारलं.

"थांब जरा. आधी मी काढतो."

रविवारी सकाळी दहाला कमिटी जुन्या पडवीत बसली. बारा माणसं होती. भिंतीकडेच्या बाकावर गणपतराव, क्लबचे सगळ्यात जुने सभासद, पंचाहत्तरी उलटलेले. पुस्तिकेचा मसुदा वाचून दाखवायला इरावतीही आली होती. वीस पोती आदल्या दिवशीच येऊन पडली होती. दत्तप्रसाद कार्यक्रमाचं सांगत असताना रुद्राप्पा पायरीवर येऊन उभे राहिले. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या.

"या रुद्राप्पा. कधी सुरू करताय भरायला?"

"सायेब, ती पोती परत पाठवा. समुद्राची वाळू हितं चालत न्हाय. मागं एकदा चालली न्हाय."

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. साहेबाची रजा, कुरुंदवाड, गुळाच्या गाड्या, सगळं. सांगताना ते कुणाकडं बघत नव्हते, आणि जसं घरात ऐकलं होतं त्याच क्रमानं, न अडखळता सांगत गेले. गुळाच्या रव्यांपाशी कुणीतरी हसलं. 'व्हय सायब' म्हटल्यावर सगळेच हसले. दत्तप्रसाद हसले नाहीत.

"शंभर वर्षं क्लब लोकांना खोटं सांगतोय, असं म्हणणं आहे तुमचं?"

"क्लब न्हाय सायेब. क्लबला म्हाईतच न्हवतं. खोटं आमी बोललो."

"याला पुरावा काय? ऐकीव गोष्ट आहे ही. तुमच्या आजोबांनी वाळू बदलली, तर मग समुद्राची वाळू गेली कुठं? नऊ ब्राऊनची वाळू म्हणजे काय खिशात मावते?"

"गणपतराव टेकून बसल्यात की तिला."

गणपतराव दचकून पुढं झाले. सगळे भिंतीकडं बघायला लागले.

"त्या साली ही पडवी बांधायला काढलती," रुद्राप्पा म्हणाले. "गवंड्याला गिलाव्याला वाळू पायजे हुती. अज्जानं म्हटलं, ही घे, फुकट हाय."

त्या भिंतीला दर पावसाळ्यात लोणा लागायचा. पांढरा फुलोरा यायचा, रंगाचे पोपडे पडायचे. क्लबनं तीन कंत्राटदार बदलले होते, वॉटरप्रूफिंग केलं होतं, गेल्याच वर्षी एका रंगाच्या दुकानदाराशी भांडण काढलं होतं. आताही गणपतरावांच्या कोटाच्या पाठीला पांढरी भुकटी लागली होती. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारट हाय की हो!"

मग एकेकानं उठून भिंत चाखली. वयस्क, इस्त्रीचे शर्ट घातलेली माणसं बोटं चाटत होती. इरावती तोंडावर वही धरून बसली होती. शेवटी दत्तप्रसादही उठले. त्यांनी बोट लावलं, रुमालाला पुसलं आणि जागेवर येऊन बसले. बराच वेळ ते कागद नीट करत राहिले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मानलं. पण मग रुद्राप्पा, मला एक सांगा. हा ब्राऊन आपण समुद्राची आठवण म्हणून ठेवला होता. आता ठेवायचं कारण काय?"

हाच प्रश्न येणार हे रुद्राप्पांना माहीत होतं. एसटीत, घरी, वाळू ओढताना त्यांनी त्याचं उत्तर शोधून बघितलं होतं.

"कारण न्हाय सायेब. वाळू चांगली हाय, येवढंच."

मग गणपतराव खाकरले.

"हे बघा दत्तप्रसाद, मी पन्नास वर्सं त्या वाळूवर चेंडू घालतोय. ती समुद्राची हाय म्हणून माझा एक बी चेंडू आत गेला न्हाय. ह्या माणसानं ती सपाट ठेवली म्हणून गेला. आन नव्या गवतावर मला आता काय जमतंय? आठ होलवर पोरं मला हरवत्यात. एक तरी ठेवा की लेको, म्हातारा जिंकंल असा!"

"हे स्वार्थी कारण झालं," कुणीतरी म्हणालं.

"स्वार्थीच हाय. हात वर करा."

सात हात वर झाले, चार झाले नाहीत. दत्तप्रसादांनी आपला हात खालीच ठेवला, पण ठराव स्वतःच्या अक्षरात लिहिला. नववा ब्राऊन दोन वर्षं ठेवावा, पुढं परत विचार व्हावा. वाळू लागेल ती रीतसर परवानगीनं आणावी. वीस पोत्यांचं काय करायचं यावर मात्र एकमत झालं: जिथून आली तिथं.

बाकीचे चहाला उठले तेव्हा इरावती म्हणाली, "मामा, माझी पुस्तिका अजून छपाईला गेलेली नाही."

"माहितेय," दत्तप्रसाद म्हणाले. मग उठता उठता, "लिही जे आहे ते. फक्त ते भिंत चाटल्याचं घालू नकोस."

तहसीलचा अर्ज इरावतीनंच लिहिला. रुद्राप्पांनी तो दोनदा वाचायला लावला. 'सदर मैदानावरील वाळू मूळची कुरुंदवाड येथील नदीपात्रातील असून' इथं त्यांनी तिला थांबवलं.

"कुणी आणली ते न्हाय आलं त्यात."

"काका, तहसीलदारांना त्याची गरज नसते हो."

"त्यास्नी नसंल."

तिनं पेन घेतलं आणि ओळीच्या वर बारीक अक्षरात लिहिलं, 'कै. मल्लाप्पा चनबसाप्पा हुक्कीरे यांनी आणलेली'. रुद्राप्पांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून प्रत्येक अक्षरावर नजर फिरवली आणि परत दिला.

तहसीलच्या कारकुनानं गोल्फ म्हणजे काय ते विचारलं, मग दोन वेळा खेटे घालायला लावले. एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, वाळू मागितली होती, नोव्हेंबरात अर्ध्याची परवानगी आली. अर्धा ब्रासही भरपूर होता. रुद्राप्पा टेंपो घेऊन कुरुंदवाडला गेले, आणि रत्नव्वाही निघाली. तिला ती जागा बघायची होती, जिच्याबद्दल ती इतकी वर्षं बोलली नव्हती. टेंपोत बसल्यापासून ती ड्रायव्हरला सगळं पहिल्यापासून सांगत होती.

नदी खाली गेली होती. रुद्राप्पांनी मूठभर वाळू घेऊन कानाशी चोळली, कण वाजतात का ते ऐकलं, आणि घोंगडं अंथरून चाळण मांडली. बाळासो फावड्यानं ओढून देत होता. मध्येच तो थांबला.

"दादा, आता पावण्यास्नी काय दाखवणार तुमचे सायेब? समुद्र तर गेला."

"दाखवतील कायतरी. त्यांचं काम हाय ते," रुद्राप्पा म्हणाले. "तू वरची घेऊ नगंस, तिच्यात माती हाय. जरा खालची ओढ."